जुन्या पासवर्डशी इमान राखणारी फाइल

मॅक संगणकावर कधी कधी असा प्रकार सुरू होतो. लॉगिनचा पासवर्ड दिला, डेस्कटॉप समोर आला, आणि काम सुरू करायच्या आत पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडते. ‘अकाउंट्सडी’ नावाच्या प्रोग्रामला ‘लॉगिन’ कीचेन वापरायची आहे, तेव्हा कीचेनचा पासवर्ड द्या, असे तिच्यात लिहिलेले असते. आताच दिलेला पासवर्ड पुन्हा द्यावा, तर चौकट थरथरून नकार देते. ‘कॅन्सल’ दाबावे, तर तिच्या जागी ‘कॅलेंडर एजंट’ येतो. त्याला घालवले की ‘मेसेजेस एजंट’, मग मेल, मग सफारी. सगळ्यांना नकार देऊन झाल्यावर थोडा वेळ शांतता असते, आणि मेल उघडताच पुन्हा पहिल्यापासून तेच.

वैतागून कित्येक जण संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेतात, काही जण सगळे पुसून नव्याने सिस्टम टाकतात. दोन्हींची गरज नसते, कारण बहुतेक वेळा या संगणकात काहीही बिघडलेले नसते. उलट त्यातली एक फाइल, तिला ज्या कामासाठी घडवले आहे ते काम, मालकालाही सूट न देता चोख करत असते. ती फाइल म्हणजे लॉगिन कीचेन. ती आतून कशी बांधलेली आहे हे एकदा कळले, की या चौकटींचा बंदोबस्त अवघड राहत नाही. शिवाय रोजच्या वापरातल्या यंत्रात किती विचाराने केलेली रचना आहे, हेही दिसते. मला ही रचना आधुनिक संगणकातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

संगणकाला पासवर्डची गरज पडली ती एकच यंत्र अनेकांना वापरायचे होते म्हणून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सीटीएसएस ही प्रणाली उभारली. तिच्यामुळे एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांना एकाच वेळी वाटून मिळू लागला. प्रत्येकाच्या फाइली प्रत्येकाकडेच राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला गेला, आणि ते सगळे पासवर्ड जसेच्या तसे एका साध्या फाइलमध्ये ठेवले गेले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर आपले काम पुढे नेले. पासवर्ड जिथे साठवतात ती जागाच सर्वांत नाजूक असते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. कॉर्बाटो यांना पुढे १९९० चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि २०१९ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले. वेबच्या जमान्यात पासवर्ड हे एक दुःस्वप्न होऊन बसले आहे, अशी खंत त्यांनी उतारवयातल्या एका मुलाखतीत व्यक्त केली होती. स्वतःचे सुमारे दीडशे पासवर्ड तेही कागदावर टिपून ठेवत असत.

दीडशे पासवर्ड लक्षात ठेवण्याऐवजी एकच लक्षात ठेवावा आणि उरलेले यंत्राने सांभाळावेत, ही कल्पना ॲपल कंपनीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आली. ‘पॉवरटॉक’ नावाची ईमेल व्यवस्था तेव्हा तयार होत होती. वेगवेगळ्या सेवांवरचे टपाल ती एकाच ठिकाणी आणत असे. प्रत्येक सेवेचा पासवर्ड वेगळा असल्यामुळे ते सगळे एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवून एकाच पासवर्डने उघडायची सोय तिच्यात केली गेली. १९९३ मध्ये ‘सिस्टम ७ प्रो’बरोबर पॉवरटॉक बाजारात आले आणि काही वर्षांतच बंदही पडले. पण त्यातली कीचेनची कल्पना टिकली. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज ॲपलमध्ये परतल्यानंतर ती पुन्हा बाहेर काढण्यात आली आणि १९९९ च्या मॅक ओएस ९ मध्ये ती संपूर्ण संगणकाची सोय बनली. आजच्या प्रत्येक मॅकमध्ये तिचीच पुढची पिढी आहे. वापरकर्त्याच्या होम फोल्डरात ‘लायब्ररी’, त्यात ‘कीचेन्स’, आणि त्यात ‘लॉगिन’ नावाची ती फाइल असते.

आता या फाइलच्या आत जाऊ. तुमचा लॉगिन पासवर्ड कीचेनमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. तुम्ही टाइप केलेली अक्षरे आणि फाइलमध्ये ठेवलेला एक यादृच्छिक आकडा एकत्र करून त्यांच्यावर एक गणिती प्रक्रिया हजार वेळा केली जाते आणि तिच्यातून एक किल्ली तयार होते. या पद्धतीला पीबीकेडीएफ२ म्हणतात. हजार वेळा कशासाठी? मालकाला पासवर्ड एकदाच द्यायचा असतो, त्याला हा वेळ जाणवतही नाही. पण अंदाजाने कोट्यवधी पासवर्ड लावून पाहणाऱ्या चोराला प्रत्येक अंदाजामागे हजारपट कष्ट पडतात. आजच्या संगणकांच्या वेगापुढे हजार हा आकडा लहानच आहे, म्हणून लॉगिनचा पासवर्ड लांब ठेवणे फार महत्त्वाचे.

अशी मिळालेली किल्ली तुमचे जपून ठेवलेले पासवर्ड थेट उलगडत नाही. ती उलगडते फाइलमध्येच कुलूपबंद असलेली दुसरी किल्ली, जी संपूर्ण कीचेनची असते. दुसरीने प्रत्येक नोंदीची स्वतःची तिसरी किल्ली उलगडते, आणि त्या तिसरीने अखेर त्या नोंदीतला पासवर्ड. एवढे टप्पे कशाला, असे कुणी विचारील. घराची किल्ली एका डबीत ठेवून डबीला आकड्यांचे कुलूप लावावे, आणि आकडा बदलायची वेळ आली तर डबीचे कुलूप तेवढे बदलावे, घराचे नाही, तसा हा हिशेब आहे. लॉगिन पासवर्ड बदलला की शेकडो नोंदी पुन्हा कुलूपबंद कराव्या लागत नाहीत. फक्त दुसरी किल्ली नव्या पासवर्डाखाली पुन्हा बंद केली की झाले. पण त्यासाठी ती आधी जुन्या पासवर्डने उघडावी लागते. वारंवार उगवणाऱ्या चौकटींचे मूळ या एका अटीत आहे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कीचेन कुलूपबंद असतानाही तिच्यातल्या नोंदींची नावे दिसतात. कोणत्या संकेतस्थळाचा पासवर्ड आहे, खात्याचे नाव काय, हे सगळे वाचता येते, कारण कुलूपबंद असतो तो केवळ गुप्त मजकूर. त्यामुळे कीचेन उघडत नसतानाही आपले काय काय आत अडकले आहे याची यादी करता येते. पुढे पासवर्ड नव्याने घालायची वेळ आली, तर ही यादी फार उपयोगी पडते.

चुकीचा पासवर्ड दिला तर तो चुकीचा आहे हे यंत्राला कसे कळते? ताडून पाहायला त्याच्याकडे बरोबर उत्तर नसतेच. चुकीच्या अक्षरांतून चुकीची किल्ली निघते, तिने उलगडलेला मजकूर निरर्थक येतो, पडताळणीची खूण जुळत नाही, आणि चौकट थरथरते. या फाइलवर जबरदस्ती करता येत नाही ती यामुळेच. संगणकाच्या ॲडमिनिस्ट्रेटरला, दुकानातल्या तंत्रज्ञाला, खुद्द ऑपरेटिंग सिस्टमलाही जुन्या पासवर्डशिवाय तिच्यात शिरायला वाट नाही.

लॉगिनचा पासवर्ड तपासण्याची व्यवस्था मात्र वेगळी आहे. त्याची नोंद सिस्टमच्या ताब्यात असते आणि ॲडमिनिस्ट्रेटर ती पुसून नवी लिहू शकतो. रोज सकाळी आपण लॉगिन करतो तेव्हा एकाच पासवर्डने दोन कामे होतात. सिस्टम आपली नोंद तपासून आत घेते, आणि तोच पासवर्ड पार्श्वभूमीवरच्या ‘सिक्युरिटीडी’ या सेवेकडे जाऊन तिथे लॉगिन कीचेन उघडली जाते. दोन कुलपे एकदम उघडत असल्यामुळे ती दोन आहेत याचा आपल्याला पत्ताही नसतो. एकाचा पासवर्ड बदलला आणि दुसऱ्याचा जुनाच राहिला, की तो पत्ता लागतो.

तसे होण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. सिस्टम सेटिंग्जमध्ये जाऊन, जुना पासवर्ड देऊन, आपणच नवा घेतला तर काही अडचण येत नाही, कारण दोन्ही कुलपे त्याच क्षणी बदलली जातात. पण पासवर्ड विसरला म्हणून रिकव्हरीतून किंवा ॲपल खात्याच्या मदतीने नवा घेतला, किंवा घरातल्या दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून कुणी बदलून दिला, तर जुना पासवर्ड मध्ये कुठेच आलेला नसतो. सिस्टमची नोंद बदलते, कीचेन जुन्यावरच राहते. कंपनीच्या लॅपटॉपवर हे सर्वांत जास्त घडते. तिथे पासवर्ड कार्यालयाच्या मध्यवर्ती सर्व्हरवर असतो. कर्मचारी तो वेबवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदलतो, आणि त्याच्या मॅकला ते पुढच्या लॉगिनला कळते. जुन्या मॅकवरून नव्यावर सगळे उचलून आणताना जुनी कीचेन जुन्या पासवर्डसह येते, तेव्हाही हेच होते.

मग चौकटी इतक्या संख्येने का येतात? कारण मागणारे अनेक असतात. मेल, कॅलेंडर, मेसेजेस, इंटरनेट खाती सांभाळणारा अकाउंट्सडी, सफारी, हे सगळे वेगवेगळे प्रोग्राम आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या नोंदीसाठी स्वतंत्र मागणी करतो. एकाला दिलेला नकार दुसऱ्याला कळत नाही. ‘कॅन्सल’ दाबल्याने काही हरवत मात्र नाही. त्या प्रोग्रामला त्या वेळी पासवर्ड मिळत नाही, एवढेच. त्यामुळे घाबरून जाऊन काहीबाही दाबण्यापेक्षा चौकटी शांतपणे रद्द करत ‘कीचेन ॲक्सेस’ हे ॲप उघडावे. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून ॲपलने ‘पासवर्ड्स’ हे वेगळे ॲप दिले आहे आणि कीचेन ॲक्सेस नेहमीच्या फोल्डरातून हलवले आहे; पण स्पॉटलाइटमध्ये नाव टाइप केले की ते सापडते.

तिथे डावीकडच्या ‘लॉगिन’ कीचेनवर थांबून ती आधी लॉक करावी आणि मग अनलॉक करून पाहावी. आताच्या लॉगिन पासवर्डने उघडली, तर दोन्ही कुलपे जुळलेली आहेत आणि कारण दुसरे आहे. आताच्या पासवर्डने उघडत नाही पण आधीच्या पासवर्डने उघडते, असे झाले तर निदान पक्के. उपायही तिथेच आहे: ‘एडिट’ मेनूमध्ये लॉगिन कीचेनचा पासवर्ड बदलण्याची सोय असते. जुन्याच्या रकान्यात जुना पासवर्ड घालायचा, नव्याच्या रकान्यात सध्याचा लॉगिन पासवर्ड. दुसरी किल्ली नव्याखाली बंद होते, दोन्ही कुलपे पुन्हा एका पासवर्डने उघडू लागतात, आणि संगणक एकदा रीस्टार्ट केला की चौकटी थांबतात. काही वेळा लॉगिन करतानाच मॅक स्वतः विचारतो की कीचेन उघडता आली नाही, काय करू? तेव्हा ‘अपडेट कीचेन पासवर्ड’, ‘क्रिएट न्यू कीचेन’ आणि ‘कंटिन्यू लॉग इन’ असे पर्याय येतात. जुना पासवर्ड आठवत असेल तर पहिला पर्याय घ्यावा. घाईत तिसरा दाबणाऱ्यांच्या नशिबी त्या दिवसभराच्या चौकटी येतात.

जुना पासवर्ड आठवतच नसेल तर ती कीचेन उघडणार नाही, हे मान्य करावे लागते. अशा वेळी कीचेन ॲक्सेसच्या सेटिंग्जमध्ये मूळ कीचेन नव्याने तयार करण्याची, म्हणजे रीसेट करण्याची सोय आहे. हा उपाय लोक फार लवकर करतात, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते: आधी ‘कीचेन्स’ फोल्डरातल्या लॉगिन फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. रीसेट केल्यावर जुनी फाइल साधारणपणे नाव बदलून तिथेच राहते, पण स्वतःची प्रत हाताशी असलेली बरी. जुना पासवर्ड महिन्याभराने अचानक आठवला, किंवा एखाद्या वहीत सापडला, तर ती फाइल कीचेन ॲक्सेसमध्ये पुन्हा जोडून उघडता येते आणि एकेक नोंद बाहेर काढता येते. ती फाइल पुसून टाकली असेल, तर उशिरा आठवलेल्या पासवर्डचा काही उपयोग नाही.

दोन्ही कुलपे जुळलेली असूनही चौकटी येत राहिल्या, तर आधी एक साधी गोष्ट पाहावी. ‘एडिट’ मेनूमध्येच लॉगिन कीचेनच्या सेटिंग्जमध्ये दोन खुणा असतात: ठरावीक मिनिटे काम थांबले की लॉक करा, आणि संगणक स्लीपमध्ये गेला की लॉक करा. यातली एखादी चालू असेल, तर लॅपटॉपचे झाकण मिटून उघडले तरी पासवर्ड मागितला जातो. सार्वजनिक ठिकाणच्या संगणकावर ही काळजी योग्य आहे. घरच्या संगणकावर खूण काढली तरी चालते.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. कीचेनमधल्या प्रत्येक नोंदीला, ती कोणकोणते प्रोग्राम वाचू शकतात याची यादी जोडलेली असते. मेलने ठेवलेला पासवर्ड मेलने मागितला तर तो गुपचूप मिळतो; दुसऱ्या कुणी मागितला तर मालकाला विचारले जाते. म्हणजे कीचेन उघडी असली तरी ती सगळ्यांना उघडी नसते. पण मागणारा खरोखर मेलच आहे, मेलचे नाव घेतलेला भलताच कुणी नाही, हे कसे ओळखायचे? सुरुवातीच्या काळात प्रोग्राम अपडेट झाला की तो बदललेला दिसे आणि पुन्हा परवानगी मागितली जाई. २००७ मध्ये आलेल्या लेपर्ड आवृत्तीपासून कोड सायनिंग आले. प्रत्येक प्रोग्रामवर तो बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. सही तीच असेल तर नवी आवृत्तीही ओळखीची मानली जाते. प्रोग्राममध्ये कुणी एक अक्षर जरी फिरवले तरी सही मोडते आणि ओळख संपते. त्यामुळे एकच विशिष्ट ॲप वारंवार परवानगी मागत असेल, तर त्याची सही बदलली किंवा मोडली असल्याची शक्यता मोठी. ते ॲप काढून बनवणाऱ्याच्या अधिकृत ठिकाणाहून पुन्हा घ्यावे आणि चौकटीत ‘ऑलवेज अलाउ’ निवडावे. नुसते ‘अलाउ’ दाबले तर परवानगी त्या एका वेळेपुरतीच असते. पुष्कळांचा त्रास केवळ या दोन बटणांतला फरक न कळल्यामुळे चालू राहतो. मात्र ‘ऑलवेज’ म्हणताना चौकटीत कोणत्या प्रोग्रामचे नाव आहे आणि तो कोणती नोंद मागतो आहे, हे वाचूनच म्हणावे.

चौकटीत ‘लोकल आयटम्स’ हे नाव असेल तर प्रकरण थोडे वेगळे. २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीबरोबर आयक्लाउड कीचेन आली. पासवर्ड आपल्या सगळ्या ॲपल उपकरणांवर पोचवणारी ही दुसरी कीचेन आहे; आयक्लाउड बंद असेल तर तीच ‘लोकल आयटम्स’ म्हणून दिसते. तिची माहिती ‘कीचेन्स’ फोल्डरातच, पण लांबलचक अक्षर-आकड्यांचे नाव असलेल्या एका उपफोल्डरात असते. तो फोल्डर बाहेर हलवून लगेच रीस्टार्ट करणे हा त्यावरचा जुना उपाय. आयक्लाउडवर ज्यांचे पासवर्ड सुरक्षित आहेत त्यांनीच तो करावा. बाकीच्यांनी आधी प्रत घ्यावी.

हा प्रश्न एकट्या मॅकचा नाही. लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप वापरणाऱ्यांना ‘लॉगिन कीरिंग उघडली गेली नाही’ अशी चौकट भेटते, बहुधा क्रोमसारखा ब्राउझर उघडताच. तिथले एक कारण तर मला फार बोलके वाटते. पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉपवर नेणारे ऑटो लॉगिन किंवा बोटाच्या ठशाने होणारे लॉगिन चालू केले की ही चौकट येऊ लागते. ठसा जुळला की नाही एवढेच सेन्सर सांगतो. त्यातून किल्ली घडवायला लागणारी अक्षरे मिळत नाहीत. पासवर्ड कुणी टाइपच केला नाही, तर कीरिंग उघडणार कशाने? रीस्टार्टनंतर मॅकसुद्धा पहिल्यांदा ठसा न घेता पासवर्डच मागतो. लिनक्सवरचा खरा उपाय म्हणजे ऑटो लॉगिन बंद करणे आणि ‘पासवर्ड्स अँड कीज’ या ॲपमध्ये कीरिंगचा पासवर्ड लॉगिनशी जुळवून घेणे. कीरिंगचा पासवर्ड कोरा ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने चौकट जाते, पण सगळे पासवर्ड कुलपाशिवाय डिस्कवर पडून राहतात. लॅपटॉप चोरीला गेल्यास काय होईल याचा विचार करूनच तो मार्ग धरावा, आणि मी तरी तो कुणाला सुचवणार नाही.

विंडोजमध्ये हेच काम २००० सालच्या विंडोज २००० पासून डीपीएपीआय नावाची यंत्रणा करते. तिथेही पासवर्डमधून किल्ली घडते आणि तिच्याखाली मास्टर किल्ली बंद असते. ही मास्टर किल्ली दर तीन महिन्यांनी नवी होते, पण जुन्या टाकून देत नाहीत, कारण जुना मजकूर त्यांनीच उघडायचा असतो. घरच्या संगणकावरील स्थानिक खात्याचा पासवर्ड दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरने रीसेट केला तर इथेही जपून ठेवलेले पासवर्ड हातचे जातात. कंपनीच्या डोमेनमध्ये मात्र मुख्य सर्व्हरकडे एक राखीव किल्ली असते आणि तिच्यामुळे माहिती वाचते. सोय मोठी आहे, पण त्याचा अर्थ सर्वांची दारे उघडू शकणारी एक किल्ली कुठेतरी अस्तित्वात आहे असाही होतो. आउटलुकसारखे ॲप पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून त्या सेवेची जुनी नोंद तेवढी काढावी, ॲप बंद करून पुन्हा उघडावे आणि नवा पासवर्ड देऊन तो लक्षात ठेवायला सांगावे.

या सगळ्यांत एक धोका आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. रोज वीस वेळा चौकट आली की माणूस न वाचता पासवर्ड टाइप करू लागतो, आणि चोरांना हीच सवय हवी असते. २०२३ मध्ये समोर आलेला ‘ॲटॉमिक स्टीलर’ हा मॅकवरचा घातक प्रोग्राम नेमके हेच करतो. तो सिस्टमसारखी दिसणारी बनावट चौकट दाखवून लॉगिन पासवर्ड मागतो, दिलेला पासवर्ड बरोबर आहे का हे तपासतो, चुकीचा असेल तर पुन्हा मागतो, आणि मग लॉगिन कीचेनची फाइलच उचलून बाहेर पाठवतो. फाइल आणि पासवर्ड दोन्ही हाती लागल्यावर वर वर्णन केलेल्या तिन्ही किल्ल्या त्याला आपोआप मिळतात. खरी चौकट आणि खोटी चौकट यांत दिसण्यावरून फरक करणे कठीण आहे. म्हणून नुकतेच कुठूनतरी उतरवलेले ॲप उघडताच चौकट आली तर ती रद्द करावी. शंका असेल तेव्हा चौकटीत काहीच टाइप न करता, कीचेन ॲक्सेस आपण स्वतः उघडून तिथे कीचेन लॉक-अनलॉक करून पाहावी. तिथे ती नीट उघडते आणि तरीही कुणीतरी पासवर्ड मागत राहते, तर मागणाऱ्याकडे संशयाने पाहायला हवे.

कार्यालयांनीही यात आपला वाटा उचलला पाहिजे. ठरावीक महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणारा नियम अनेक कंपन्यांत अजून आहे. प्रत्येक सक्तीच्या बदलाबरोबर कीचेन मागे राहण्याचा नवा प्रसंग उभा राहतो. असे नियम ज्या शिफारशींवरून पसरले त्यांतली एक महत्त्वाची शिफारस अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेची होती. त्याच संस्थेने २०१७ मध्ये आपली भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याचे दिसत नसेल तर केवळ मुदत संपली म्हणून तो बदलायला लावू नये. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, हे एव्हाना सर्वांनाच दिसून चुकले होते. ज्यांच्या हाती कंपनीचे नियम आहेत त्यांनी हा बदल मनावर घ्यावा, आणि जिथे सक्ती ठेवावीच लागते तिथे पासवर्ड त्याच मॅकवरून, सेटिंग्जमधून बदलायला कर्मचाऱ्यांना शिकवावे.

वाचकांना विनंती अशी की चौकट उगवायची वाट पाहू नका. आज थोडा वेळ काढून कीचेन ॲक्सेस उघडा, ‘लॉगिन’ कीचेन एकदा लॉक करा आणि सध्याच्या पासवर्डने ती उघडते का ते पाहा. उघडत नसेल, तर जुना पासवर्ड आठवतो आहे तोवरच दोन्ही जुळवून घ्या. आणि यापुढे लॉगिन पासवर्ड बदलाल तेव्हा, नव्या पासवर्डने कीचेन उघडल्याची खात्री होईपर्यंत, जुना पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा.